वाचकांचे प्रश्न : ‘निक्सन’ हे आडनाव आले कोठून?

प्रश्न : आमचे गाव दारव्हा तालुक्यात, शकुंतला रेल्वेच्या मार्गालगत आहे. या गाडीशी जोडलेले ‘किलिक निक्सन’ हे कंपनीचे नाव आजोबांच्या बोलण्यात नेहमी येत असे. गावातील एका शिक्षकांनी सांगितले की निक्सन म्हणजे ‘निकचा मुलगा’. तसे असेल तर हा निक कोण होता, नावात ‘क्स’ कोठून आला, आणि आपण स्वतःच्या नावापुढे लावतो ते वडिलांचे नाव इंग्रजांकडे आडनाव कसे होऊन बसले?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : शिक्षकांनी सांगितलेला अर्थ बरोबर आहे. किलिक निक्सन ही १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेली इंग्रजी पेढी. तिने पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली आणि वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लोहमार्गापर्यंत आणण्यासाठी एका अंगाला यवतमाळ आणि दुसऱ्या अंगाला अचलपूर असा अरुंद रुळांचा मार्ग चालवला, हे आपल्या भागातील वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. त्या पेढीच्या नावातील निक्सन हे आडनाव मात्र पेढीपेक्षा कितीतरी जुने, सुमारे सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये घडलेले आहे.

आधी निक कोण, ते पाहू. निक हे निकोलस या नावाचे घरगुती रूप आहे. निकोलस हे नाव ग्रीक असून त्याचे दोन भाग पडतात : ‘निके’ म्हणजे विजय आणि ‘लाओस’ म्हणजे लोक. बुटांच्या प्रसिद्ध ‘नायकी’ कंपनीचे नाव ज्या विजयदेवतेवरून ठेवले आहे, तीच ही निके. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील मायरा या गावी निकोलस नावाचे ख्रिस्ती धर्मगुरू होऊन गेले. १०८७ मध्ये त्यांच्या अस्थी इटलीतील बारी शहरात आणल्या गेल्या आणि तेथून पश्चिम युरोपात त्यांची भक्ती झपाट्याने वाढली. खलाशी, व्यापारी आणि लहान मुले यांचा पाठीराखा म्हणून त्यांना मानले जात असे. नाताळातला सांताक्लॉज हेही याच संताच्या नावाचे डच वळणाचे रूप. याच सुमारास, १०६६ मध्ये, नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि तेथील मुलांची नावे पार बदलून गेली. गॉड्रिक, लिओफ्रिक यांसारखी जुनी अँग्लो-सॅक्सन नावे दोन-तीन पिढ्यांत मागे पडली आणि विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड ही नॉर्मन नावे व जॉन, थॉमस, निकोलस ही संतांची नावे घरोघर ठेवली जाऊ लागली. इंग्लंडमधून आजवर एकच पोप झाला, तो बाराव्या शतकातला चौथा एड्रियन, आणि त्याचेही मूळ नाव निकोलसच होते.

आडनावांची निकड येथे उभी राहिली. गावात दहा जॉन आणि पाच निकोलस असले की नुसत्या नावाने काम भागत नाही. मग कोणाला धंद्यावरून, कोणाला घराच्या जागेवरून, कोणाला अंगलक्षणावरून आणि कोणाला बापाच्या नावावरून ओळखू लागले. निक्सन या शेवटच्या जातीचे, म्हणजे पितृनामावरून आलेले आडनाव आहे. मात्र असा निक एकच नव्हता. उत्तर इंग्लंडच्या आणि दक्षिण स्कॉटलंडच्या अनेक गावांत अनेक निक होते, त्या प्रत्येकाची मुले ‘निकची’ म्हणवली गेली आणि त्यांतील बऱ्याच घरांत ते नाव स्वतंत्रपणे चिकटले. म्हणून दोन निक्सन भेटले तर त्यांचा मूळ पुरुष एकच असेल असे समजू नये. सगळे इंगळे किंवा सगळे ठाकरे एकमेकांचे भाऊबंद नसतात, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

आता ‘क्स’. इंग्रजीत ‘निकचा’ म्हणायचे तर नावाला ‘स’ हा षष्ठीचा प्रत्यय लागतो, म्हणजे ‘निक्स’. त्यापुढे मुलगा या अर्थाचा ‘सन’ आला की ‘निक्स-सन’ होते आणि बोलताना दोन सकारांचा एकच होतो. कारकुनांनी क आणि स ही जोडी कधी दोन-तीन अक्षरांनी, तर कधी एकट्या एक्सने लिहिली. त्यामुळे निकसन, निक्ससन, निक्सन असे सगळे प्रकार जुन्या कागदांत सापडतात, आणि एकाच माणसाचे नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलेलेही असते. रिचर्डचे घरगुती रूप डिक; त्याच्या मुलाचे डिक्सन, आणि त्याचीही एक्सवाली व बिनएक्सची अशी दोन्ही लेखने आजही चालतात. रोमन लिपीत त्या एका एक्समध्ये हा सांधा लपून जातो. देवनागरीत ‘क्स’ असे जोडाक्षर लिहिले की क कोठे संपला आणि स कोठे लागला ते सरळ दिसते.

‘सन’ या शब्दाबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण तो आपल्याला वाटतो तितका परका नाही. संस्कृतात मुलाला ‘सूनु’ म्हणतात. हा सूनु आणि इंग्रजीतला सन हे एकाच प्राचीन मूळ शब्दापासून निघालेले सख्खे शब्द आहेत. (मराठीतली ‘सून’ मात्र वेगळी, ती संस्कृत ‘स्नुषा’पासून आली आहे.) शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरील ‘शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते’ ही ओळ आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. शाहसूनु, म्हणजे शाहजींचा पुत्र. बापाचे नाव आधी आणि पुत्रवाचक शब्द नंतर, अशी शाहसूनु आणि निक्सन या दोन्ही शब्दांची घडण आहे आणि त्यांतला पुत्रवाचक शब्दही मुळात एकच. फरक इतकाच की शाहसूनु हे एका पुरुषाचे विशेषण राहिले आणि निक्सन हे शेकडो घरांचे आडनाव झाले. आपल्या प्रश्नाचा गाभा या फरकात आहे.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सरकारी आणि धर्मपीठाचे कागद लॅटिनमध्ये लिहिले जात. कारकून ‘विल्यम फिलियस निकोलाय’, म्हणजे ‘निकोलसचा पुत्र विल्यम’, असे लिहीत असे. गावात मात्र कोणी फिलियस म्हणत नसे आणि निकोलसही म्हणत नसे. तेथे तो निकचा विल असे. आपल्याकडच्या जुन्या कागदांतही अगदी हेच दिसते. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या अमलात होता आणि दप्तराची भाषा फारसी वळणाची होती. त्यामुळे खरेदीखतांत आणि जमिनीच्या नोंदींत ‘रामजी वल्द किसनजी’ अशी नावे आढळतात. वल्द हा मुलगा या अर्थाचा मूळ अरबी शब्द. शेतात काम करणारा माणूस तो शब्द कधी उच्चारत नसे. त्याच्या तोंडी ‘किसन्याचा राम्या’ असेच असे. आपल्या भागातील कोतवाल बुके ज्यांनी जातीच्या दाखल्यासाठी चाळली आहेत, त्यांना हेही ठाऊक असेल की जन्माच्या अनेक नोंदींत बापाचे नाव आणि जात एवढेच असते, आडनाव नसतेच. पणजोबा सापडतात, पण ते आपलेच पणजोबा हे सिद्ध करताना दमछाक होते ती यामुळेच. इंग्लंडच्या तेराव्या-चौदाव्या शतकातील याद्या वाचणाऱ्या अभ्यासकांपुढेही नेमकी हीच अडचण असते.

इंग्लंडमध्ये पुढे जे घडले ते आपल्याकडे घडले नाही. आपल्याकडे बापाचे नाव दर पिढीला पुढे सरकत राहिले : किसनचा राम, रामचा तुकाराम, तुकारामचा महादेव. आडनाव असलेच तर ते गावावरून, वतनावरून किंवा कुळावरून वेगळे पडले आणि बापाचे नाव आपली मधली जागा धरून राहिले. इंग्लंडमध्येही सुरुवातीला हे नाव असेच सरकत होते. १०६६ मध्ये हेस्टिंग्जच्या लढाईत पडलेला राजा हॅरॉल्ड गॉडविनसन हा खरोखरच गॉडविनचा मुलगा होता. गॉडविनसन हे त्याचे आडनाव नव्हते आणि त्याच्या मुलांनी ते लावले नाही. पुढे कधीतरी एका पिढीला हे सरकणे थांबले. समजा निकचा मुलगा विल, म्हणजे विल निक्सन. विलला मुलगा झाला, त्याचे नाव जॉन. जुन्या रीतीने तो जॉन विल्सन व्हायला हवा होता, पण तो जॉन निक्सनच राहिला. ज्या दिवशी आजोबांचे नाव नातवाला लागून राहिले, त्या दिवशी ते आडनाव झाले.

हे एका फर्मानाने झाले नाही. जमीनदार घराण्यांत आडनावे अकराव्या-बाराव्या शतकापासून स्थिर होऊ लागली, कारण जहागिरीचा वारस कोण हे सांगणे त्यांना भाग होते. कुळांच्या घरांत ती चौदाव्या शतकात आणि उत्तरेकडे त्याहूनही उशिरा स्थिरावली. जहागिरीच्या कचेरीत कुळाचा हक्क बापाकडून मुलाकडे गेल्याची नोंद होत असे. आपल्याकडे वारसाचा फेरफार होतो तसाच तो प्रकार. बापाने ज्या नावाने शेत कसले तेच नाव मुलाने लावले तर हक्क सांगणे सोपे जाई. दुसरे कारण करांचे. १३७७ मध्ये इंग्लंडच्या राजाने चौदा वर्षांवरील जवळजवळ प्रत्येक माणसावर डोईपट्टी बसवली. ती माणशी चार पेन्स होती. १३७९ मध्ये पुन्हा आणि १३८१ च्या सुमारास तिसऱ्यांदा अशी पट्टी आली. तिसऱ्या वेळी ती माणशी बारा पेन्सवर गेली आणि शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला. या तीन पट्ट्यांच्या ज्या याद्या शिल्लक आहेत त्या आडनावांच्या अभ्यासाचा खजिनाच मानल्या जातात, कारण त्यांत सरदारांबरोबर मजूर, विधवा आणि गडी यांचीही नावे आहेत. यॉर्कशरच्या १३७९ च्या यादीत ‘सन’वाली नावे विपुल दिसतात. त्यांतील काही खऱ्या बापाची, तर काही आधीच वडिलोपार्जित झालेली आहेत. पुढे १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवण्याचा हुकूम दिला. पिढ्यान्‌पिढ्या एकाच वहीत नाव चढू लागल्यावर ते बदलण्याची मोकळीक उरली नाही.

या सगळ्या प्रकारात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी. कारकुनाने इतकी शतके ‘फिलियस निकोलाय’ लिहिले, पण आडनाव म्हणून टिकले ते गावाच्या तोंडचे ‘निक्सन’. आई ज्या नावाने अंगणातून हाक मारत होती, शेजारी ज्या नावाने ओळखत होते, ते नाव कागदावर चढले. निकोलसन हे पूर्ण नावावरून आलेले आडनावही आहे. १८५७ च्या दिल्लीच्या वेढ्यात पडलेल्या जॉन निकोलसनमुळे ते आपल्या इतिहासात आले आहे. पण निकोलसनच्या बरोबरीने निक्सन, तसेच निकोलसचा पुढचा भाग गाळून झालेल्या ‘कोल’ आणि ‘कोलिन’ या लाडक्या रूपांपासून कोलसन आणि कोलिन्स अशी सगळी भावंडे इंग्रजीत नांदत आहेत. (आयर्लंडमधील पुष्कळ कोलिन्स मात्र वेगळ्या आयरिश नावापासून आलेले आहेत, दिसायला सारखे म्हणून मूळ सारखे असे धरून चालू नये.) आपल्याकडे नामदेवचा नाम्या, सदाशिवचा सदू आणि महादेवचा महाद्या गावभर फिरतो, पण सातबाऱ्यावर त्याला जागा मिळत नाही. इंग्रजांच्या सदूला ती मिळाली.

निक्सन या आडनावाचा पुढचा प्रवास जितका खडतर तितकाच मनोरंजक आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवर, इंग्रज बाजूला ब्यूकासल आणि स्कॉटिश बाजूला लिडिसडेल या डोंगराळ मुलखात निक्सन हे एक मोठे कूळ होते. तेथे आर्मस्ट्राँग, इलियट, क्रोझर आणि निक्सन ही कुळे सोळाव्या शतकाअखेरपर्यंत सीमेपलीकडची गुरे रात्री हाकून आणण्यासाठी कुप्रसिद्ध होती. दोन राज्यांच्या लढायांत शेती पुन्हा पुन्हा जाळली गेल्यावर त्या लोकांनी कुळाच्या आधाराने जगण्याचा हा मार्ग धरला होता. एका खोऱ्यात सगळेच निक्सन आणि सगळेच आर्मस्ट्राँग झाल्यावर आडनावाने माणूस ओळखण्याचे कामच संपले आणि लोकांना पुन्हा बापाच्या नावाकडे वळावे लागले. ‘पॅटीच्या जॉर्डीचा जॉनी’ असे नाव त्या काळच्या नोंदींत सापडते. एकाच आडनावाच्या वस्तीत ‘तुकारामच्या किसनाचा राम्या’ म्हणून ओळख पटवणाऱ्या आपल्या वाचकांना त्याचा अर्थ कोणी उलगडून सांगायला नको.

१६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला आणि सीमाच उरली नाही. त्याने या कुळांचा कठोर बंदोबस्त केला. कित्येकांना फाशी दिले, कित्येकांना हुसकावले, आणि बरीच घरे उत्तर आयर्लंडच्या नव्या वसाहतीत, विशेषतः फर्मॅना परगण्यात, जाऊन राहिली. तेथून अठराव्या शतकात काही निक्सन अमेरिकेत गेले. १९६९ ते १९७४ या काळात अमेरिकेचे अध्यक्ष असलेले आणि १९७१ च्या बांगलादेश युद्धामुळे आपल्या आईवडिलांच्या पिढीला चांगलेच लक्षात राहिलेले रिचर्ड निक्सन अशाच एका घराण्यातले. जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेल्या नील आर्मस्ट्राँग यांच्याशी व्हाइट हाउसमधून दूरध्वनीवर बोलले ते हेच निक्सन. चारशे वर्षांपूर्वी एकाच डोंगरात गुरे पळवणाऱ्या दोन कुळांची आडनावे त्या संभाषणाच्या दोन टोकांना होती, हा योगायोग मला फार विलक्षण वाटतो. आर्मस्ट्राँग स्वतः १९७२ मध्ये आपल्या कुळाच्या त्या मुलखातील लँगहोम या गावी गेले होते आणि गावाने त्यांचा मानाचा नागरिक म्हणून सत्कार केला.

आपल्याकडे वडिलांच्या नावाचे आडनाव झालेच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. फाळणीनंतर अमरावती, अकोला, नागपूर आणि तालुक्यांच्या बाजारपेठांत येऊन स्थिरावलेल्या सिंधी कुटुंबांची ‘आणी’ने संपणारी आडनावे बहुतेक मूळ पुरुषाच्या नावावरून आली आहेत. आपल्या गावच्या कापड दुकानदाराला विचारून पाहा. त्यांच्यापैकी अनेकांना तो पूर्वज नावानिशी सांगता येतो.

प्रश्न : चिखलदऱ्याच्या माहितीत नेहमी वाचतो की हे ठिकाण १८२३ मध्ये हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने शोधले. हे आडनाव रॉबिन पक्ष्यावरून आले का? आणि नागपूरचे रेसिडेंट जेन्किन्स यांच्या नावात ‘सन’ का नाही?
— एक वाचक, परतवाडा, जि. अमरावती

उत्तर : चिखलदरा कोरकू आणि गवळी लोकांना त्याआधीही चांगले ठाऊक होते, रॉबिन्सन तेथे पोहोचला आणि इंग्रजांना ते कळले, एवढाच त्या ‘शोधा’चा अर्थ घ्यावा.

आडनावाचा आणि पक्ष्याचा संबंध आपण विचारला त्याच्या नेमका उलट आहे. त्या तांबड्या छातीच्या पक्ष्याला इंग्रजीत पूर्वी नुसतेच ‘तांबडी छाती’ अशा अर्थाचे नाव होते. लोकांनी प्रेमाने त्यापुढे माणसाचे नाव जोडून त्याला रॉबिन म्हणायला सुरुवात केली, जसे आपण पोपटाला मिठू म्हणतो, आणि पुढे तेच पक्ष्याचे नाव झाले. रॉबिन हे रॉबर्टचे लाडके रूप असून त्यातील ‘इन’ हा फ्रेंच लघुत्वदर्शक प्रत्यय आहे. रॉबर्ट हे जर्मन कुळातील नाव. त्याच्या दोन भागांचा अर्थ कीर्ती आणि तेजस्वी. इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमच्या बापाचे आणि थोरल्या मुलाचेही नाव रॉबर्टच होते, त्यामुळे ते इंग्लंडमध्ये सर्वत्र पसरले यात नवल नाही. मग रॉबर्टचा रॉब झाला आणि यमक जुळवून हॉब आणि डॉबही झाले. त्यांतून रॉबर्ट्‌स, रॉबर्टसन, रॉबसन, रॉबिन्सन, हॉब्सन, डॉब्सन, हॉपकिन्स अशी लांबलचक भावकी तयार झाली.

जेन्किन्सचे मूळ जॉन या नावात आहे. जॉनला ‘किन’ हा लघुत्वाचा प्रत्यय लागून जँकिन, जेन्किन अशी रूपे झाली. हा प्रत्यय समुद्रापलीकडच्या फ्लँडर्सकडून आला. शेवटचा ‘स’ हा ‘जेन्किनचा’ असे सांगणारा षष्ठीचा प्रत्यय आहे. म्हणजे ‘सन’ लिहिला नाही तरी अर्थ तोच. साधारणपणे उत्तर इंग्लंडमध्ये आणि स्कॉटलंडच्या सखल भागात ‘सन’ लावण्याची रीत पडली, तर दक्षिणेत, पश्चिमेत आणि पुढे वेल्समध्ये नुसता ‘स’ लावण्याची. उत्तरेत ‘सन’ का रुजला, याचे एक कारण म्हणून नवव्या शतकापासून तेथे वसलेल्या डेन्मार्क-नॉर्वेच्या लोकांच्या नामपद्धतीकडे बोट दाखवले जाते. त्यामुळेच जॉन्सन हे उत्तरेकडचे वळण आणि जोन्स हे वेल्सचे, असे ढोबळ मानाने म्हणता येते. वेल्समध्ये मुळात ‘अप’ म्हणजे ‘चा मुलगा’ असे नावाआधी लावत आणि सात-सात पिढ्यांची साखळी सांगत. सोळाव्या शतकात वेल्स इंग्रजी कायद्याखाली आल्यावर ती साखळी तुटत गेली आणि ‘अप’चा नुसता प पुढच्या नावाला चिकटला. ‘अप राइस’चे प्राइस, ‘अप रिचर्ड’चे प्रिचर्ड आणि ‘अप हॉवेल’चे पॉवेल झाले ते असे.

रिचर्ड जेन्किन्स हे १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईच्या वेळी नागपूरला रेसिडेंट होते आणि नागपूर राज्यावरचा त्यांचा अहवाल १८२७ मध्ये छापला गेला, हे आपणांस ठाऊक असेलच. १८०३ मध्ये आडगावच्या लढाईत आणि गाविलगडाच्या वेढ्यात वेलस्लीबरोबर असलेला कर्नल स्टीव्हनसन हाही ‘स्टीव्हनचा मुलगा’च. स्टीव्हन म्हणजे ग्रीक भाषेत मुकुट.

प्रश्न : मुलीलाही ‘सन’ लावतात, हे मला खटकते. इंग्रजांमध्ये आईच्या किंवा मुलीच्या नावाला आडनावात कधीच जागा नव्हती का?
— एक वाचक भगिनी, तिवसा, जि. अमरावती

उत्तर : होती, पण ती टिकली नाही. चौदाव्या शतकातील करांच्या याद्यांत ‘अमक्याची मुलगी’ आणि ‘अमक्याची बायको’ अशा अर्थाचे शब्द नावाला जोडलेल्या स्त्रिया आढळतात. आडनाव वडिलोपार्जित झाल्यावर ‘सन’ या शब्दातला मुलगा विसरला गेला आणि तो सगळ्या घराची खूण बनला. त्यामुळे ‘मुलगी’वाले रूप गळून पडले. आईच्या नावाची आडनावे मात्र आजही इंग्लंडमध्ये आहेत. मॅरियट हे मेरीच्या लाडक्या रूपावरून आले आहे, इबटसन हे इसाबेलच्या, टिलटसन हे मटिल्डाच्या आणि मेगसन हे मार्गारेटच्या. बाप लवकर गेला आणि विधवेने घर व शेत चालवले, किंवा मालमत्ता आईकडून आली, अशा घरांत मुले आईच्या नावाने ओळखली जाणे स्वाभाविक होते.

आइसलँडमध्ये पितृनाम अजूनही दर पिढीला बदलते आणि मुलींना ‘सन’ नव्हे तर ‘दोत्तिर’, म्हणजे मुलगी, असे लागते. १९८० ते १९९६ या काळात तेथील राष्ट्राध्यक्ष असलेल्या व्हिग्दिस फिनबोगादोत्तिर म्हणजे ‘फिनबोगींची कन्या व्हिग्दिस’. तेथे लग्नानंतरही हे नाव बदलत नाही. आपल्या संस्कृत परंपरेतही मुलीचे पितृनाम होते आणि त्याची दोन ठळक उदाहरणे विदर्भाचीच आहेत. विदर्भराज भीमाची कन्या दमयंती ही ‘भैमी’, आणि आपल्या तिवसा तालुक्यातल्या कौंडण्यपूरची, भीष्मकाची कन्या रुक्मिणी ही ‘भैष्मी’. अर्जुनाला कौंतेय आणि लक्ष्मणाला सौमित्र म्हणतात ते त्यांच्या आईच्या नावावरून.

आजच्या व्यवहाराचे सांगायचे तर महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम लावावा लागतो. जन्मदाखला आणि शाळेचा दाखल-खारीज या दोन्ही ठिकाणी तो सारखा आहे ना, हे पहिल्याच वेळी पाहून घ्यावे; पुढच्या पिढीला कागद शोधताना त्याचा उपयोग होईल.